‘बाहेर’ कोण म्हणालं?

“हात?”

“बाहेर!”

धाड.

दादांचा तो ‘बाहेर’ अजून माझ्या कानात आहे. दादा म्हणजे माझे वडील. डब्यांची पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या कारखान्यात ते प्रेसवर होते. एका प्रेसला दोन माणसं लागायची. एक जण दोन्ही हातांनी पत्रा आत सरकवायचा, दुसरा पॅडलवर पाय ठेवून उभा राहायचा. पॅडलवाला विचारायचा, ‘हात?’ पत्रेवाला हात मागे घेऊन सांगायचा, ‘बाहेर!’ मगच पॅडल दाबायचं, मगच वरचा लोखंडी ठोकळा खाली कोसळायचा. मी भिंतीपलीकडे बसून त्याच तालावर खडे झेलायचे. ‘हात’ म्हटलं की खडा वर, ‘बाहेर’ म्हटलं की मुठीत.

दुपारी आत्या डबा घेऊन यायची. दारात उभी राहून हाक मारायची, “दादा, बाहेर ये रे, निवतंय सगळं!” वाटेत ती स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणत असे:

लोखंडाच्या दारी, बंधू माझा काम करी
दहा बोटांची गं फुलं, मोजून आणीन घरी

मी सात वर्षांची असताना त्यातली चार फुलं प्रेसखाली राहिली.

पॅडलवाला रडत सांगत होता, “मी ‘हात?’ विचारलं. ‘बाहेर’ ऐकलं, मगच दाबलं. आईशप्पथ ऐकलं!” दादा हाताला गुंडाळलेल्या रक्ताळलेल्या फडक्याकडे बघत म्हणत होते, “मी बोललोच नाही रे. मी बोललोच नाही.”

शेजारच्या प्रेसवरचा तरणा पत्रेवाला पुढे आला. दाराकडे बोट करून म्हणाला, “आवाज तिकडून आला.”

दारात आत्या होती. हातात डबा.

“पण आवाज पुरुषाचा होता,” पॅडलवाला म्हणाला.

“मग?” गर्दीतून कोणीतरी ओरडलं. “चेटकीण हव्या त्या माणसाच्या आवाजात बोलते!”

एवढं पुरलं. कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात ना, विळ्यासारख्या धारदार, त्यांनी तिला मारलं. पाठीवर, मानेवर, तोंडावर. डबा लाथेने उडाला. ती दोन्ही हातांनी डोकं झाकून “दादा, दादा” करत होती आणि दादांना चौघांनी धरून ठेवलं होतं. आमच्या घरी चहा पिऊन गेलेले हात होते ते. एक पट्टी तिच्या डाव्या डोळ्यात गेली. मी धावत आत आले होते, खडे मुठीत आवळून बघत होते.

आत्या जगली. एका डोळ्याने जगली. पण त्या दिवसापासून ‘बाहेर’ हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. मांजराला हाकलायचं तर “दारापलीकडे जा गं.” कपडे वाळत घालायचे तर “उन्हात टाकते.” ते गाणंही गेलं. एकदाच मी विचारलं, “आत्या, तू खरंच म्हणाली होतीस?” तिने मिटलेल्या डोळ्यावरून पदर फिरवला. मग म्हणाली, “आठवत नाही गं पोरी. इतके जण म्हणतात, तर निघालंच असेल.”

दादा वारले तेव्हाही ती त्यांच्या उरलेल्या सहा बोटांना माफी मागत बसली होती.

तीस वर्षं उलटली. मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. स्क्रीन पुसून देण्याचं काम नव्हे. आतला गाभा बिघडला की लोक मला बोलावतात. एका सकाळी त्याच कारखान्याच्या मालकाचा फोन आला. हा जुन्या मालकाचा मुलगा.

“ताई, आमचा कॉम्प्युटर माणसं खातोय.”

“म्हणजे?”

“दोघांचे हात गेले. तपासणीवाले अधिकारी विचारतात, कॉम्प्युटर ठीक आहे का. तुम्ही या, बघा, आणि ठीक आहे असं लिहून द्या. बाकीचं यंत्रबाबा बघतायत.”

“कोण?”

“या तर खरं.”

साडेअकराला मी पोहोचले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. कामगार, त्यांच्या बायका, गल्लीतले दुकानदार, सगळे प्रेसभोवती गोळा झालेले. प्रेस नवी होती, दादांच्याच जागेवर उभी. आता तिला कॉम्प्युटर जोडलेला. ठोकळ्यासमोर उजेडाचा पडदा, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांची जाळी. त्या जाळीत हात आला की कॉम्प्युटरला हाक जाते आणि तो ठोकळा वरच्या वर थांबवतो. हा पडदा आला त्या दिवशी ‘हात? बाहेर!’ हा आरडाओरडा बंद झाला. तो बंद करण्यात सगळ्यात पुढे होता मुकादम. तीस वर्षांपूर्वीचा तो तरणा पत्रेवाला. आता केस पांढरे झालेले, आणि पाय पॅडलवर.

आणि यंत्रबाबांचा उजवा हात ठोकळ्याखाली.

“दाब!” बाबा गरजले.

मुकादमाने डोळे मिटून पॅडल दाबलं. ठोकळा निघाला, आणि बाबांच्या मनगटापासून वीतभर अंतरावर थबकला. बायकांनी तोंडावर हात घेतले. कोणी रडू लागलं. बाबांनी हात काढून सगळ्यांना पाचही बोटं दाखवली, जणू ती नुकतीच उगवली होती.

“मदरबोर्ड!” बाबा म्हणाले. “नावातच आई आहे! त्या आईला तुम्ही ओळखलं नाही. आणि हे यूएसबीचं पोर्ट. पोर्ट म्हणजे काय? पोट! आईच्या पोटात तुम्ही काय खुपसलंत? यूएसबीवर चालणारा छोटा पंखा! अरे, आईच्या पोटात कोणी पंखा खुपसतं का?”

“नाही!” गर्दी ओरडली.

“म्हणून तिने पहिला हात घेतला. मी आलो, पंखा उपटला. तिला निद्रा दिली, तिला जागं केलं. महिनाभर शांत होती की नव्हती?”

“होती!”

“मग तिच्या पोटात मी अखंड ज्योत ठेवली. आठ दिवसांत दुसरा हात गेला. का? ज्योतीला कोणीतरी हात लावला!”

निद्रा दिली आणि जागं केलं. मी मनात म्हटलं, म्हणजे बाबांनी बंद करून परत चालू केलं. हे तर मी फोनवरच सांगते, तेही कफनी न घालता.

बाबांनी झोळीतून दिवा काढला. पितळी पणती, वर लाल बल्ब, खाली शेपटासारखी वायर. ती त्यांनी कॉम्प्युटरच्या कडेच्या यूएसबीत खुपसली. ज्योत लुकलुकू लागली.

“ज्योत चढायला अकरा मिनिटं लागतात. मग दोषीचा हात आईसमोर ठेवू. निर्दोष असेल तर आई सोडेल. आणा तिला!”

तिला केसांना धरून आणलं. केर काढणारी बाई, चाळिशीची, किरकोळ बांध्याची. एका मुठीत तिचे केस होते आणि दुसऱ्या मुठीत उपटून आलेले केस. ओठ आधीच फुटलेला. ती ओरडत होती, “धूळ बसली होती, म्हणून पुसला हो दिवा! रोज पुसते मी सगळं!” कोणीतरी तिच्या पोटात लाथ घातली. ती वाकली, तर डावखुऱ्याच्या भावाने तिचं तोंड वर केलं आणि थोबाडीत मारली. डावखुरा म्हणजे दुसरा जखमी. ज्याचा डावाच हात गेला.

मी मध्ये घुसले. “सोडा तिला!”

पुढचं मला दिसलंच नाही. कानाखाली काहीतरी फुटलं, तोंडात रक्ताची चव आली आणि मी जमिनीवर होते.

“तिला नको रे! तिला मीच बोलावलंय!” मालक किंचाळला. “ताई, तुम्ही तुमचा कॉम्प्युटर बघा. यात पडू नका.”

अकरा मिनिटं. गर्दीशी भांडण्यात ती गेली असती. मी रक्त पुसलं आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

प्रत्येक कॉम्प्युटरच्या गाभ्यात एक रखवालदार असतो. आम्ही त्याला कर्नल म्हणतो. कुठल्याही वस्तूला काही सांगायचं असलं की ती त्याला हाक मारते. तो हातातलं काम टाकून बघतो, कोण बोलावतंय. आणि घडलेलं सगळं तो एका वहीत लिहून ठेवतो. खोटं लिहायचं त्याला जमत नाही, म्हणून मला माणसांपेक्षा तो बरा वाटतो.

मी वही उघडली. पहिला हात गेला त्या दिवशी, चार मिनिटं आधी, एक वाक्य होतं. दुसरा हात गेला त्या दिवशी, नऊ मिनिटं आधी, तेच वाक्य:

‘सोळावी ओळ: कोणीच दखल घेतली नाही. सोळावी ओळ बंद करत आहे.’

सोळाव्या ओळीवर, म्हणजे हाक मारायच्या सोळाव्या दोरीवर, कोण आहे ते काढलं. तिथे एक नव्हे, दोन नावं होती. एक, कडेच्या यूएसबीचं. दुसरं, उजेडाच्या पडद्याचं. दोघांना हाक मारायला दोरी एकच.

समोर हाकांचा आकडा धावत होता. पन्नास हजार. सत्तर. दिवा लुकलुकला की हाक, लुकलुकला की हाक. रखवालदार दर वेळी धावत जायचा आणि विचारायचा, “कोणाचं काम?” पडदा म्हणायचा, “माझं नाही.” यूएसबी सांभाळणारा प्रोग्राम त्या थरथरीला ओळखायचाच नाही, तोही म्हणायचा, “माझं नाही.” नव्वद हजार. पंच्याण्णव. लाख हाकांतल्या नव्व्याण्णव हजार नऊशेंना कोणी वाली मिळाला नाही, की रखवालदार वैतागून दोरीच कापून टाकतो.

आकडा थांबला. वहीत नवीन वाक्य उमटलं.

‘कोणीच दखल घेतली नाही.’

आता पडद्याने कितीही बोंब मारली तरी ती ऐकायला कोणी नव्हतं. मी वळून पाहिलं. दोघांनी त्या बाईला गुडघ्यांवर दाबलं होतं, तिसऱ्याने तिचा उजवा हात कोपरापर्यंत ठोकळ्याखाली ताणून धरला होता. बाबांनी बोट वर केलं.

“दाब!”

माझ्या आणि पॅडलच्या मध्ये वीस माणसं होती. मला काही सुचलं नाही. छातीतून जो आवाज आला तो माझा नव्हता. लहानपणी भिंतीपलीकडून ऐकलेला होता.

“हात?”

मुकादमाचा पाय हवेत थांबला.

अख्खं तारुण्य ज्याने त्या हाकेला उत्तर दिलं, त्याच्या अंगातून ती निघून जात नाही. तो गोठून उभा राहिला. उत्तराची वाट बघत. सगळा कारखाना वाट बघत होता. कोणी ‘बाहेर’ म्हणालं नाही. तेवढ्यात मी माणसं ढकलत पोहोचले, त्या बाईला काखेत धरून मागे ओढलं, आणि तिचाच झाडू, जाड दांड्याचा, ठोकळ्याखाली टाकला.

“आता दाबा, मुकादम.”

धाड. दांड्याचा भुगा झाला. एक चिरफळी उडून बाबांच्या गालाला लागली.

“बघा!” बाबा गालावर हात ठेवून ओरडले. “दोषी! आईने हिचा झाडू खाल्ला!”

“बरं,” मी म्हटलं. “बाबा, तुम्ही जरा रस्त्यावर जाऊन उभे राहा. दार लावून घ्या. तुमची शक्ती दारातून आत येत नसेल ना?”

गर्दीतलं कोणीतरी हसलं. भीतीनंतरचं पहिलं हसू. बाबांना चार जणांनी अदबीने रस्त्यावर नेलं.

मी दिवा उपटला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. झाडूचा उरलेला तुकडा ठोकळ्याखाली धरला. पॅडल दाबलं. ठोकळा वरच थांबला.

“आता तू,” मी केरवालीला म्हटलं. तिने दिवा कडेच्या यूएसबीत खुपसला. आम्ही थांबलो. कॉम्प्युटरवर आकडा धावला, धावला, थांबला. पॅडल. धाड. भुगा.

पुन्हा बंद, पुन्हा चालू. या वेळी तिने तोच दिवा मागच्या यूएसबीत लावला, जिची ओळ वेगळी होती. अर्धा तास दिवा लुकलुकत राहिला. ठोकळा दर वेळी थांबला.

“आणि मध्येच कधी कधी दिवा असतानाही प्रेस थांबायची, ते?” मालकाने विचारलं.

“दोरी कापल्यावर रखवालदार अधूनमधून स्वतःहून डोकावून बघतो. तुझ्या नशिबाने त्याच क्षणी बघितलं तर हात वाचला. नाही तर गेला. यालाच तुम्ही देवीची मर्जी म्हणत होता.”

मी दिवा उघडला. आत वायरीचा सांधा मुद्दाम सैल ठेवलेला, ज्योत हलावी म्हणून. बाबांना कर्नल कळत नव्हता. पण हाच दिवा त्यांनी आणखी तीन कारखान्यांत लावला होता, हे त्यांच्याच झोळीतल्या कौतुकाच्या पत्रांत होतं. दिवा लावला की यंत्र पिसाळतं आणि बंद करून चालू केलं की शहाणं होतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

बाबांना आत आणलं. दिव्याचा सांधा मी पुन्हा तसाच सैल जोडला, दिवा कडेला लावला, आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली. “बाबा, ज्योत चढली. या वेळी आईला न झोपवता हात घाला.”

बाबांचे दोन्ही हात कफनीत गेले.

मग गर्दी उलटली. मघाशी केरवालीचे केस धरणारी मूठ आता बाबांच्या दाढीत होती. पहिल्याच ठोशात त्यांचे दोन दात पडले. कोणीतरी ओरडलं, “घाला याचाच हात!” त्यांना खरोखरच ठोकळ्याकडे फरफटत नेलं. तेव्हा केरवाली मध्ये उभी राहिली. एक डोळा सुजून मिटलेला.

“मला मारणारे हेच हात होते ना?” ती म्हणाली. “दोन तास झाले नाहीत अजून. धुतले तरी का रे?”

मुठी सैल झाल्या. बाबांना पोलिसांकडे दिलं.

मग मी सगळ्यांना बसवलं. मालकाला विचारलं, “पडद्याची एक तार थेट पॅडलच्या कुलपाला असते. कॉम्प्युटर मेला तरी ठोकळा थांबावा म्हणून. ती कोणी काढली?”

“सारखं थांबायचं... काम अडायचं...” त्याची मान वर होईना.

“म्हणजे दोन हात तुझ्या घाईने, आधी त्या पंख्याच्या आणि मग या दिव्याच्या थरथरीने, आणि एका दोरीवर दोघांना बांधल्याने गेले. यात भूत कुठे आहे? चेटूक कुठे आहे? वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं, कोणीच दखल घेतली नाही म्हणून. तुम्ही वही उघडली नाहीत, बाईचे केस ओढलेत. पुढच्या वेळी काही अघटित घडलं तर एवढंच करा. हात उचलण्याआधी विचारा, हे कशाने घडलं? परत घडवून बघा. एक गोष्ट बदला, पुन्हा बघा. आणि जोवर कळत नाही तोवर ‘माहीत नाही’ म्हणा. त्या दोन शब्दांनी आजवर कोणाचा डोळा गेलेला नाही.”

“पण ताई,” डावखुऱ्याच्या भावाने विचारलं, “एका दोरीवर दोघं, हे नीट कळलं नाही.”

सोपं करून सांगावं म्हणून मी म्हटलं, “पूर्वी इथे दोन प्रेस शेजारी होत्या. दोन्हीकडे एकच हाक, एकच उत्तर. समजा, एका पत्रेवाल्याने आपल्या प्रेससाठी ‘बाहेर’ म्हटलं आणि ते शेजारच्या पॅडलवाल्याने ऐ...”

मला वाक्य पुरं करता आलं नाही.

मुकादम खाली बसला होता. प्रेसला पाठ लावून, लहान मुलासारखे पाय पुढे टाकून. माझ्याकडे बघत नव्हता.

संध्याकाळी तो माझ्यामागून चालत आमच्या घरी आला. मी बोलावलं नव्हतं.  आत्या दारातच बसून शर्टाला बटण लावत होती, सुई चांगल्या डोळ्याजवळ धरून. त्याच्या चपलांचा आवाज ऐकून तिने मान वर केली. माझा सुजलेला गाल पाहिला. मग त्याला पाहिलं.

तो फाटकातून आत येऊन पायरीखाली उभा राहिला.

“ताई,” तो आत्याला म्हणाला, “त्या दिवशी ‘बाहेर’ मी म्हणालो. माझ्या प्रेसचं. दादाच्या पॅडलवाल्याने ते ऐकलं आणि दाबलं. मला तेव्हाच कळलं होतं.” त्याने पायातल्या चपला काढल्या. “मी घाबरलो. दारात तू दिसलीस, तुझ्याकडे बोट केलं. तू तर... तू अजून तोंडही उघडलं नव्हतंस.”

आत्याच्या हातातली सुई थांबली. तीस वर्षं ती कुठेतरी आत दादांची बोटं मोजत होती, ते मोजणं थांबलं असावं. तिने बटण ओढून बघितलं, पक्कं बसलं होतं. दोरा दाताने तोडला. शर्टाची घडी घातली. मग उठून उभी राहिली, चौकटीला धरून, आणि आधी इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“बाहेर हो.”